तळ घासलेला डाय

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस पुन्हा भरणं, आणि ती केस ज्या साच्यात दाबून मापात आणतात तो डाय. असे वापरलेले डाय ऑनलाइन विकणाऱ्या एका माणसाने मला आणि आमच्या शूटिंग क्लबातल्या आणखी एका मराठी मुलाला चुना लावला. पैसे गेले त्याचं फार वाईट वाटत नाही. पण या फसवणुकीत नुसता खिसा कापला जात नाही, डोळाही जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला बनवलीत तर लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवणं हे परवान्याचं काम आहे. तिथे बसून हे करून बघू नका.

माझी रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची, बोल्ट ॲक्शन, म्हणजे मागचा दट्ट्या (बोल्ट) हाताने सारून काडतूस आत घालायची. काडतूस झाडलं की त्याची पितळी केस फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमधल्या काडतूस बसायच्या पोकळीच्या, मापाची होते. ती प्रेसला लावून सायझिंग डायमध्ये दाबली की अंग आणि मान आवळली जाते आणि खांदा, म्हणजे अंग मानेकडे निमुळतं होतं तो भाग, किंचित मागे सरकतो. बोल्ट ॲक्शनला खांदा दोन थाउ मागे गेला तरी पुष्कळ झालं. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; उमेदीची वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये गेल्यामुळे माझं डोकं अजून त्याच मापात चालतं.

जाहिरातीत लिहिलं होतं: मॅच ग्रेड, कार्बाइड, जवळजवळ न वापरलेला संच, वंगण लावायची गरज नाही. (कार्बाइड म्हणजे पोलादाहून खूप कठीण पदार्थ.) किंमत १२० डॉलर. साधा नवा संच साठेक डॉलरला येतो आणि बुशिंगवाला, म्हणजे मानेचं माप बदलता येणारा, स्पर्धेचा मॅच संच त्याच्या तिप्पट-चौपट जातो. म्हणजे आकडा मोठा हुशारीने काढलेला: स्वस्त वाटावा, पण संशय येऊ नये इतपत महाग. डबा नामांकित कंपनीचा आणि अस्सल होता, आत कंपनीचं सूचनापत्रकही होतं. त्या कंपनीचा यात काडीचाही दोष नाही.

वंगणाचं वाक्य धडधडीत खोटं आहे हे वाचतानाच कळत होतं. पिस्तुलाच्या सरळ केसला कार्बाइड डायमध्ये वंगण लागत नाही, हे खरं. रायफलची केस मात्र बाटलीच्या आकाराची असते, आणि डाय कार्बाइडचा असला तरी तिला वंगण लावावंच लागतं. विक्रेत्याला माहिती कमी असेल असं धरून मी सोडून दिलं आणि नेहमीसारखं वंगण लावूनच काम केलं. क्लबातला तो मुलगा नवखा. त्याने याच माणसाकडून .२२३ या रायफल काडतुसाचा ‘कार्बाइड’ संच घेतला होता आणि जाहिरातीवर विश्वास ठेवून कोरडी केस आत दाबली. ती आत जी रुतली ती रुतलीच. जोर लावल्यावर शेलहोल्डरने, म्हणजे केसचं बूड धरणाऱ्या प्रेसच्या तुकड्याने, केसची कड फाडून काढली आणि केस डायमध्येच राहिली. मग बुडाला भोक पाडायचं, पाव इंची टॅपने आटे काढायचे, स्क्रू घालून खेचायचं, हा सगळा उपद्व्याप मी त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये बसून केला. आत डोकावून बघितलं तर साधं पोलाद. कार्बाइडचा वेगळा इन्सर्ट असतो तो कुठेच नाही, त्याची साधी रेघसुद्धा दिसेना.

माझ्या डायची गोष्ट याहून वाईट. पत्रकात लिहिलेलं असतं की शेलहोल्डर पूर्ण वर आणा, डाय त्याला टेकेपर्यंत फिरवा आणि वर आणखी पाव फेरा द्या. या डायना इंचाला चौदा आटे असतात, म्हणजे पाव फेऱ्यात साधारण अठरा थाउ. प्रेस ताणाखाली किंचित वाकतो, तो ताण त्यात भरून निघतो. पण हे सगळं डाय कारखान्यातून निघाला त्याच लांबीचा आहे असं धरून लिहिलेलं असतं. कुणी तळ घासून डाय आखूड केला असेल, तर तेच पत्रक अक्षरशः पाळून तुम्ही केसचा खांदा तितकाच जास्त मागे रेटता. मग काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं. बार होताना केसचा पुढचा भाग भिंतीला घट्ट धरतो, बूड मागे बोल्टवर आदळतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. दोन-चारदा असं झालं की केस बुडाशी तुटू शकते, आणि तुटली की तापलेला वायू मागे यायला वाट शोधतो. चष्मा न लावता नेम धरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पहिल्या खेपेला काहीच जाणवलं नाही, नेमही ठीक लागत होता. पुढच्या खेपेच्या रिकाम्या केस पुसताना बुडाच्या जरा वर एक चकचकीत कडं दिसलं. कागदाची पिन सरळ केली, टोकाला बारीक आकडा काढला आणि केसच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढत आणली. कड्याच्या नेमक्या जागी टोक खाचेत अडकलं. एक केस हॅकसॉने उभी कापली तेव्हा तिथली भिंत निम्म्याने उतरलेली दिसली. उरलेल्या सगळ्या केस चेपून भंगारात टाकल्या.

मग डाय उलटा करून भिंगाखाली धरला. कारखान्याच्या डायच्या तोंडाला आत गोलाई दिलेली असते, म्हणजे केस अलगद आत शिरते. इथे ती जवळपास उरलीच नव्हती, कड बोटाला लागत होती. तळावर ग्राइंडरच्या समांतर रेघा होत्या आणि त्या लपवायला वरून काळा मार्कर फिरवलेला. स्पिरिटचा बोळा लावला तर बोळा काळा झाला! क्लबातल्या एका सभासदाकडे त्याच कंपनीचा तोच डाय होता. दोन्ही शेजारी ठेवून मोजले, तर माझा बारा थाउ आखूड.

तळ घासणं हा गुन्हा नाही. एखाद्याच्या रायफलचं चेंबर घट्ट असतं, खांदा पुरेसा मागे जात नाही, तेव्हा लोक डाय किंवा शेलहोल्डर घासून घेतात. स्वतःच्या रायफलपुरतं ते ठीक. तो डाय रंग फासून ‘जवळजवळ न वापरलेला’ म्हणून परक्याला विकणं ही शुद्ध हरामखोरी आहे. विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं, “तुला डाय लावता येत नाही.” फोटो पाठवल्यावर म्हणाला, “हा खास टाइट चेंबरसाठी बनवलेला आहे, उलट तुला स्वस्तात मिळाला.” तिसऱ्या निरोपाला उत्तर नाही, खातंच गायब. थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने जाहिरात दिसली. कोपऱ्यात चीर गेलेला तोच डबा, फक्त माप .२४३. मी तळाचा फोटो मागितला, तर “विकला गेला” म्हणून कळवलं. जाहिरात मात्र नंतरही तशीच होती.

वापरलेला डाय घ्यायचाच असेल तर तळाचा जवळून काढलेला फोटो मागा. हातात आला की पत्रक बाजूला ठेवा. डाय शेलहोल्डरपासून वर ठेवून सुरुवात करा, एक झाडलेली केस दाबा, कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचं साधन) खांदा आधी आणि नंतर मोजा, मग थोडा थोडा खाली आणा. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि बंदुकीची दारू त्यानंतर. कंपॅरेटरला पैसे पडतात हे खरं, पण तेवढे पैसे नसतील तर नवा साधा डाय घ्या. साध्या डायने माझी हरणं कधी चुकली नाहीत.

पैशांचं म्हणाल तर त्याने ॲपवर ‘मित्र आणि कुटुंब’ या सदरात पाठवायला लावले होते. कारण दिलं की शस्त्रांशी संबंधित वस्तू असली की ॲपवाले खातं गोठवतात, तेव्हा कशाचे पैसे ते लिहू नकोस. त्या सदरात खरेदीदाराला संरक्षण नसतं, त्यामुळे ॲपवाल्यांनी हात वर केले. पार्सल सरकारी टपालाने आलं होतं म्हणून टपाल खात्याच्या तपास शाखेकडे तक्रार केली, आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडेही. दोन्हीकडून तक्रार क्रमांक मिळाला आहे, पैसे मिळालेले नाहीत.