मकरपुऱ्यातील सीएनसी ट्यूनिंग सेवा : ॲक्सिलरेशन बसवण्याचे काम कसे झाले

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लहान सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणारी) मिलिंग मशीन जागेवर येऊन ट्यून करून देणारी एक सेवा आहे. दोघे भाऊ ती चालवतात. थोरले मशीन पाहतात, धाकटे कंट्रोलर आणि वायरिंग. आमच्याकडे स्टेपर मोटरवर (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणाऱ्या मोटरवर) चालणारे, जीआरबीएल या मोफत सॉफ्टवेअरच्या कंट्रोलरचे छोटे मशीन असून त्यावर मुख्यतः इलेक्ट्रिकल पॅनलसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा होतात. मशीन रेंगाळते, एवढीच आमची तक्रार होती. त्यावर आधीच्या एका मेकॅनिकने कमाल वेग मिनिटाला ३००० मिमीवरून ६००० वर नेऊन ठेवला होता. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, होता तेवढाच राहिला, उलट टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना मोटर मध्येच घुरघुरून अडू लागली.

या भावांना पहिले श्रेय द्यायचे ते यासाठी, की मशीनला हात लावण्यापूर्वी त्यांनी हे असे का झाले ते कागदावर मांडून दाखवले. “काका, मशीन ३००० ला पोहोचतच नाही, तर ६००० लिहून काय होणार?” असे थोरले म्हणाले आणि हिशेब त्यांच्याच बाजूने निघाला. आमच्या प्लेटांवरील भोके एकमेकांपासून २० मिमीवर असतात. ॲक्सिलरेशन, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ५० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल, तर मिनिटाला ३००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी, हा वेग गाठायलाच २५ मिमी लागतात आणि थांबायला आणखी २५. वीस मिमीच्या अंतरात टेबल जेमतेम १९०० पर्यंत चढते आणि लगेच उतरू लागते. या एका उडीला सव्वा सेकंद जातो, मग कमाल वेगाच्या रकान्यात काहीही लिहा. तेच ॲक्सिलरेशन २५० केले तर ५ मिमीत पूर्ण वेग येतो आणि उडी ०.६ सेकंदात संपते. भोकांनी भरलेल्या प्लेटेवर ही बचत किती होते, हे वेगळे सांगायला नको.

जीआरबीएलमध्ये हा आकडा एक्स, वाय आणि झेड अक्षांसाठी अनुक्रमे $१२०, $१२१ आणि $१२२ या सेटिंगमध्ये असतो आणि मूळ सॉफ्टवेअरमध्ये तो फक्त १० ठेवलेला असतो. तो वाढवणे हे एका ओळीचे काम आहे. कुठपर्यंत वाढवावा, हे ठरवण्यासाठीच माणूस बोलवायचा. स्टेपर मोटर मागे काहीच कळवत नाही. ताकद अपुरी पडून स्टेप सुटल्या तरी कंट्रोलर आपण बरोबर जागी आहोत असेच धरून चालतो आणि पुढचा सगळा जॉब (कापायचा नग) सरकतो. त्यामुळे या भावांनी टेबलाला डायल (बारीक सरक काट्याने दाखवणारे माप) लावून काटा शून्यावर आणला, त्या अक्षाला बराच वेळ रॅपिडमध्ये, म्हणजे काही न कापता कमाल वेगाने, मागेपुढे पळवले आणि मूळ जागी परत आणून काटा पाहिला. काटा शून्यावर असेल तर आकडा थोडा वाढवायचा, आणि पुन्हा तेच. जिथे काटा हलला त्या आकड्याच्या बऱ्याच खाली येऊन त्यांनी सेटिंग कायम केले. वेग पुन्हा ३००० वर आणला, कारण आमच्या ५ मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर (एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणाऱ्या स्क्रूवर) ६००० म्हणजे मोटरचे मिनिटाला १२०० फेरे होतात आणि फेरे वाढतात तशी स्टेपरची ताकद झपाट्याने घटते.

तिन्ही अक्षांना त्यांनी एकच आकडा दिला नाही, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. एक्स अक्षाची मोटर फक्त टेबल ओढते, तर वायची मोटर सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग) आणि त्यावरचे टेबल, व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा), जॉब असे सगळेच ओढते. म्हणून एक्सला २५० आणि वायला १८० ठेवले. झेडवर हेडचे वजन वर उचलायचे असल्यामुळे तिथे आणखी कमी. तिरक्या चालीत कंट्रोलर दोन्ही अक्षांच्या मर्यादा सांभाळतो, त्यामुळे आकडे वेगळे असल्याने आकार बिघडत नाही.

फायदा केवळ वेळेचा झाला नाही. पॉकेटच्या (प्लेटेत कोरलेल्या खळग्याच्या) काटकोनी कोपऱ्याशी मशीन जवळजवळ थांबते आणि हत्यार फिरवणारे स्पिंडल मात्र त्याच फेऱ्यांवर फिरत राहते. अशा वेळी एंडमिल, म्हणजे कापणारे हत्यार, कापण्याऐवजी घासते आणि ॲल्युमिनियम धारेला चिकटते. मिनिटाला ८०० मिमी फीडवर (कापतानाच्या सरकण्याच्या वेगावर) पूर्वी कोपऱ्याच्या आधी सुमारे १.८ मिमी आणि नंतर तेवढाच पट्टा असा घासला जाई. आता तो अर्ध्या मिमीच्याही आत आला आहे आणि कोपऱ्यातले चकाकते डाग दिसेनासे झाले आहेत. कोपरा किती वेगाने घ्यायचा हे ठरवणाऱ्या $११ ला त्यांनी हात लावला नाही, आणि ते योग्यच केले.

जाता जाता एक इशारा. फानुक या जपानी कंपनीच्या कंट्रोलरवर रॅपिडसाठी १६२० क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये ॲक्सिलरेशन नव्हे, तर वेग गाठायला लागणारा वेळ मिलिसेकंदात भरतात. तिथे मोठा आकडा म्हणजे संथ मशीन. दोन्ही प्रकारची मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने हे भिंतीवर लिहून ठेवलेले बरे.

उणिवाही आहेत. वेळ पाळण्याच्या बाबतीत ही मंडळी फारच ढिली आहेत. जुने आणि नवे आकडे लिहून देण्याची त्यांची पद्धत नाही. मी आग्रह धरला म्हणून धाकट्यांनी सेटिंगची फाइल काढून दिली. बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा स्क्रूमधला ढिलेपणा) तपासणे या कामात धरलेले नाही, त्याचे पैसे वेगळे. फी अगोदर सांगतात आणि पक्के बिल देतात. त्यांना बोलावणार असाल तर तुमच्याकडचा सर्वांत जड व्हाइस आधीच टेबलावर चढवून ठेवा, कारण रिकाम्या टेबलावर ते मोजणी करत नाहीत आणि व्हाइस चढवण्यात गेलेला वेळही बिलात धरतात.