एच-इंडेक्स की एकूण सायटेशन्स: बायोडेटाच्या पहिल्या ओळीत काय लिहावे?

वैद्यकीय महाविद्यालयातील बढतीचा अर्ज भरताना प्रकाशनांच्या यादीवर एकच ठळक आकडा द्यायचा झाला, तर तो एकूण सायटेशन्सचा असावा की एच-इंडेक्सचा, हा प्रश्न मलाही पडला होता. (सायटेशन म्हणजे दुसऱ्या निबंधात आपल्या निबंधाचा दिलेला संदर्भ; एच-इंडेक्स दहा म्हणजे प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स मिळालेले दहा निबंध.) पहिल्या अर्जात मी एकूण सायटेशन्स वर लिहिल्या, दुसऱ्यात एच-इंडेक्स. म्हणून दोन्ही बाजूंचा अनुभव सांगता येतो.

एकूण सायटेशन्सच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: हा आकडा मोठ्या कामाला कात्री लावत नाही. ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिने मोजण्याची जी पद्धत १९५१ साली प्रसिद्ध केली, त्या एका शोधनिबंधाला तीन लाखांहून अधिक सायटेशन्स मिळाल्या. एच-इंडेक्सच्या हिशेबात मात्र तो केवळ एकच निबंध धरला जातो. हे अन्यायाचे आहे, हे मी मान्य करतो.

तरीही माझे मन बदलले ते एका बहुकेंद्री, म्हणजे अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या, अभ्यासामुळे. त्यात आमच्या विभागाने रुग्ण नोंदवले होते आणि माझ्याकडे संमतिपत्रे घेणे, फॉर्म भरणे व रक्ताचे नमुने वेळेवर रवाना करणे एवढेच काम होते. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांच्या लांबलचक यादीत साठाव्या क्रमांकाच्या आसपास माझेही नाव होते. (लेखकत्वाचे जे चार निकष वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक सांगतात, त्यांवर मी टिकलो असतो का, ही शंका वेगळीच.) पाहता पाहता माझ्या एकूण सायटेशन्सपैकी निम्म्याहून अधिक त्या एका निबंधाच्या झाल्या. मुलाखतीत समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तो आकडा पाहून कौतुकाने विचारले, की अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे हे ठरवताना कोणते गृहीतक धरले होते? मी काहीतरी उत्तर जुळवले, पण ते त्यांना पटले नाही आणि मलाही नाही. माझ्या नावावर मांडलेल्या आकड्याचा अर्धा भाग मलाच समजावून सांगता येत नव्हता, आणि पुढचे प्रश्न साहजिकच त्याच निबंधावर रेंगाळले.

एच-इंडेक्समध्ये तो निबंध एका निबंधापुरताच मोजला जातो. उरलेला आकडा माझ्या लहानसहान, पण मी स्वतः आखलेल्या अभ्यासांतून येतो. अर्थात हा निर्देशांकही निर्दोष नाही. तो कधीच खाली येत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना झुकते माप मिळते. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली तो सुचवला तेव्हा वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर वीस हा आकडा यशस्वी शास्त्रज्ञाचे लक्षण मानला होता, पण ते माप भौतिकशास्त्राचे होते. हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यायवैद्यकाचे अध्यापक यांना एकाच फूटपट्टीने मोजणे मला तरी धाडसाचे वाटते.

आणि रुग्णाच्या खाटेपाशी काय बदलले, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विंचूदंशावरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली आला आणि प्रतिविषासह प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध देण्याची चाचणी ‘बीएमजे’मध्ये २०११ साली, मधल्या काळात प्राझोसिनच्या वापराने कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. मात्र एकाच विषयाला इतकी वर्षे धरून राहिलेल्या लेखनाची थोडीफार खूण एच-इंडेक्समध्ये उमटण्याची शक्यता अधिक, असे मला वाटते.

ज्यांच्या नावावर असा एखादा अवाढव्य निबंध नाही, त्यांना कदाचित कोणताही आकडा चालेल. माझ्या अर्जात आता पहिल्या ओळीत एच-इंडेक्स असतो आणि तो कोठून व कोणत्या तारखेला घेतला हेही असते, कारण गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन ठेवलेले निबंध) मोजत असल्याने तिथला आकडा स्कोपस या निबंधसूचीपेक्षा बहुधा मोठा निघतो. एकूण सायटेशन्स त्याखाली येतात, आणि शेजारी तो बहुकेंद्री निबंध वगळून उरणारी संख्या.