नव्या ट्रकचालकानं सुरुवात कुठून करावी: जवळच्या फेऱ्या की लांब पल्ला?

अवजड वाहनाचा परवाना मिळाला की पहिली नोकरी निवडताना नजर आधी पगारावर जाते. मी सांगेन, त्याआधी एवढंच बघा: पहिले काही महिने ही नोकरी तुमच्याकडून कोणतं काम पुन्हा पुन्हा करून घेणार आहे? हात त्याच कामाला बसतो.

जवळच्या फेऱ्यांमध्ये गाडी सतत वळवावी आणि मागे घ्यावी लागते. गोदामाचा धक्का, अरुंद फाटक, उभ्या गाड्यांमधली जेमतेम जागा हे रोजचंच. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. आपल्या गाडीची किती आतून जातात, याचा अंदाज आरशात बघत वळणं घेतल्यावरच येतो. जोड-ट्रेलर मागे घेणं याहून अवघड. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं आणि ट्रेलर वळू लागताच डावीकडे आणून त्याच्या मागे जायचं. उशीर झाला तर तो केबिनच्या अंगावर येतो. असं काम दिवसातून अनेक वेळा केलं की भीती आपोआप ओसरते. शिवाय इथं चूक होते ती बहुधा कमी वेगात. बहुतेक वेळा जीव वाचतो, फक्त पत्रा चेपतो.

पण या कामात घाई फार असते. पुढचा ग्राहक वाट बघत असतो आणि नवा माणूस उतरून मागे न बघताच रिव्हर्स टाकतो. ही सवय एकदा लागली की जात नाही. शंका आली की उतरून बघायचं, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

लांब पल्ल्यात हातापेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर जवळपास चौपट होतं. एअर ब्रेकमध्ये हवा चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी 80 किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक) उतरायचं, न्यूट्रल कधीच नाही. मालागणिक गाडीचा स्वभावही बदलतो. अर्धवट भरलेल्या टँकरमधला द्रव ब्रेक मारल्यावर पुढे उसळतो, आणि रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरू शकते. हे सगळं शहरातल्या फेऱ्यांमध्ये क्वचितच शिकायला मिळतं.

मात्र लांब पल्ल्याला एकटं पाठवलं तर चूक दाखवणारं कुणी नसतं. तासन्‌तास सरळ रस्ता असतो, मग मुक्कामी पोचल्यावर, दमलेल्या अवस्थेत, अवघड रिव्हर्स. पहाटे दोन ते पाचच्या सुमारास शरीर झोप मागतं. तिथं जिद्द उपयोगी पडत नाही, गाडी बाजूला लावून झोपावंच लागतं. नव्या माणसाला ‘थांबतो’ म्हणायचा धीर होत नाही, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते.

एकट्यानं सुरुवात करायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी जवळच्या फेऱ्या. गाडी मागे घेताना छातीत धडधड होईनाशी झाली आणि उतरून बघायची लाज वाटेनाशी झाली की लांब पल्ल्याकडे वळा. जवळच्या फेऱ्यांचा पगार थोडा कमी असला तरी चालेल. फार वर्षं मात्र तिथंच राहू नका, नाहीतर पहिला मोठा उतार समोर आला की पुन्हा शिकाऊ व्हाल.

एका बाबतीत हे मत उलटतं. शेजारच्या सीटवर सुरुवातीचे काही आठवडे अनुभवी चालक बसणार असेल, तर थेट लांब पल्ला घ्यायला हरकत नाही. मात्र तो आळीपाळीनं गाडी चालवायला असलेला निव्वळ जोडीदार नको. तुम्ही चालवत असताना तो मागे झोपणार असेल तर तुम्ही एकटेच आहात. म्हणून नोकरी घेताना थेट विचारा: सोबत कोण असेल, किती दिवस, आणि मी चालवत असताना तो जागा असेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी नोकरी शोधा.