फिल्कोचा सफारी की सोनीचा टीव्ही८-३०१?

ट्रान्झिस्टर या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागांवर चालणारे हे दोन सुरुवातीचे टीव्ही जेमतेम वर्षभराच्या अंतराने आले, पण दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या.

अमेरिकेतल्या फिल्कोचा सफारी १९५९ चा. त्याची पिक्चर ट्यूब, म्हणजे चित्र उमटवणारी काचेची नळी, फक्त २ इंचांची! एवढंसं चित्र उघड्या डोळ्यांना काय दिसणार? म्हणून आत आरसा आणि भिंग बसवलं होतं. वरच्या झडपेच्या आडोशात डोकावलं की चित्र मोठं होऊन, जरा लांब असल्यासारखं दिसायचं. ट्यूब छोटी म्हणजे तिला वीज कमी, आणि त्या काळच्या नाजूक ट्रान्झिस्टरांवरचा ताणही कमी. मला ही युक्ती मनापासून आवडते. आत चार्ज करता येणारी बॅटरी होती. किंमत मात्र तब्बल २५० डॉलर, आणि जरा बाजूला सरकलं की चित्र गायब. चार जणांनी मिळून बघायची सोयच नाही.

सोनीने १९६० मध्ये आडवळण घेतलं नाही. ८ इंची ट्यूब, सरळ समोर बघायची; आत २३ ट्रान्झिस्टर, वजन सुमारे ६ किलो, किंमत ६९,८०० येन. घरात विजेवर, बाहेर १२ व्होल्टच्या बॅटरीवर. तो वारंवार बिघडायचा, हे खरं. तरीही माझं मत सोनीलाच, कारण टीव्ही शेजारी बसलेल्यालाही दिसायला हवा. १९६२ मध्ये सोनीने ५ इंची संच आणला, तोही थेट पडद्याचाच.