मुकादम नेमायचाय, मग ईक्यू मोजायचा कसा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात एका पाळीवर मुकादम नेमायचा असेल, तर मागाची जाण लगेच तपासता येते. माणसं सांभाळेल का, हे मात्र अवघड. त्यासाठी ईक्यू, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागायची समज (भावनिक बुद्धिमत्ता), मोजतात. ‘ईक्यू टेस्ट’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात, म्हणून आधी फरक बघा.

पहिली, स्वतःच स्वतःबद्दल भरायची प्रश्नावली. मानसशास्त्रज्ञ रूवेन बार-ऑन यांची 1997 ची ईक्यू-आय 133 विधानांची आहे. भरायला सोपी. मुद्दाम चांगली छाप पाडणारी उत्तरं पकडायची सोयही तिच्यात आहे, तरी बढती समोर दिसत असताना ‘मी लवकर भडकतो’ असं कोण लिहील? निवडीसाठी मी ती वापरणार नाही.

दुसरी, क्षमता चाचणी. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. पुढे करुसो यांच्यासोबत 2002 मध्ये 141 प्रश्नांची एमएससीईआयटी ही चाचणी आली. फोटोतल्या चेहऱ्यावरची भावना ओळखा, या प्रसंगात काय केलेलं बरं ते सांगा, असे प्रश्न. इथे थापा फारशा चालत नाहीत. पण बरोबर उत्तर ठरतं ते बहुसंख्यांच्या किंवा तज्ज्ञांच्या मतावर. हे बहुसंख्य आपल्या पूर्वभागातल्या विणकर वस्तीतले नाहीत, हे विसरू नका. शिवाय काय करावं हे कळणं वेगळं आणि रात्रपाळीत माल खराब निघाल्यावर तसं वागणं वेगळं.

तिसरी, 360 अंशांचा अभिप्राय. गोलमन आणि बोयात्झिस यांच्या ईएससीआय या प्रश्नावलीत माणसाच्या 12 कौशल्यांवर वरिष्ठ, सोबतचे आणि हाताखालचे मत देतात. माझा कौल हिलाच. आमच्याकडच्या एका जॉबरने, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याने, स्वतःला सगळ्यात कमी गुण दिले होते. कामगारांनी त्याला सगळ्यात जास्त. कारण साधं होतं. एका विणकराच्या हातून सारखा धागा तुटत होता. याने माग बंद केला, त्याला बाजूला नेऊन तेलुगूत विचारलं. मुलगी दवाखान्यात होती.

बाहेरून माणूस घेताना मात्र हे जमत नाही. तिथे क्षमता चाचणी, आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रसंग विचारणारी मुलाखत घ्या. आतल्या माणसाला बढती द्यायची असेल तर 360 च. फक्त हाताखाली तीनच माणसं असतील तर कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं, तेव्हा निदान सात-आठ जणांचं मत घ्या. फॉर्म कामगारांना तेलुगू, कन्नडमध्ये बाहेरच्या माणसाकरवी वाचून दाखवा, आणि भरलेले फॉर्म टाकायची पेटी मुकादमाच्या टेबलाजवळ ठेवू नका.