टीव्हीवर दिसली ती डुक्कर फियाट आमच्या दारात आलीच नाही

ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, लोकांच्या तोंडची 'फियाट', रस्त्यावरून गेली. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली ती गाडी, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती भरली. दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर तीच बातमी होती आणि माझे वडील टीव्हीसमोरून उठले नाहीत. बाबा 1966 साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बॉडी शॉपला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. वालचंद हिराचंदांनी उभी केलेली ती कंपनी आमच्यासाठी घरातल्या माणसासारखी होती. टीव्हीवर टॅक्सीला हार घातला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "किती दारांना हात लागलाय माझा."

त्यांना पुढच्या फेब्रुवारीत ऐंशी पूर्ण होणार होती. माझ्या मनात आलं, त्यांना एक जुनी फियाट घेऊन द्यायची. मी बँकेत नोकरी करते, कर्जाची कागदपत्रं तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तरीही मी फसले, आणि कशी फसले ते सविस्तर सांगते, कारण ज्या पद्धतीने मला फसवलं ती पद्धत अजून चालू आहे.

दिवाळीत एका मराठी वाहिनीवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहराबाहेरचं, हायवेलगतचं गॅरेज दाखवलं. पाच-सहा गाड्या रांगेत, आणि मधोमध फिक्या हिरव्या रंगाची डुक्कर फियाट. आजच्या मुलांना ही गाडी माहीत नसते. पन्नासच्या दशकातली फियाट 1100, गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, म्हणजे बिजागरी मागे आणि हँडल पुढे. बाबांच्या गावातल्या डॉक्टरांकडे तशी गाडी होती. ती आली की पोरं मागे धावायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. कार्यक्रमातल्या मुलीने दरवाजा उघडला, बोनेट वर केलं, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकून गाडी शेताच्या रस्त्याने फिरवून आणली. गॅरेजवाला कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "एकेक नट ओरिजिनल आहे."

मी त्याच आठवड्यात त्याचा नंबर मिळवला आणि डिसेंबरात भावाला घेऊन गेले. बाबांना नेलं नाही. वाढदिवसाच्या दिवशीच त्यांना गाडी दाखवायची होती. या सगळ्यातली माझी सर्वांत मोठी चूक ती. ज्या माणसाने जन्मभर फियाटचे पत्रे जुळवले, त्यालाच मी घरी ठेवून गेले.

गॅरेजच्या ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर तोच कार्यक्रम सुरू होता. संपला की पुन्हा पहिल्यापासून. मालक बोलायला गोड. "ताई, टीव्हीवर आलेली गाडी आहे. चॅनेलवाले उगाच कुणाला दाखवतात का? त्यांची माणसं दोन दिवस इथे होती, सगळं बघून गेली." मला हे पटलं. मी त्याला विचारायला पाहिजे होतं की त्या माणसांनी नेमकं काय बघितलं. कॅमेरा घेऊन आलेला माणूस आरसी बुक मागत नाही, गाडीखाली शिरत नाही, चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला तिचा ओळख नंबर, ताडून पाहत नाही. ते त्याचं कामही नाही. त्याला चांगलं दृश्य पाहिजे असतं. पण मी, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण, पडद्यावर दिसलेल्या वस्तूला तपासणीचा शिक्का बसलाय असं मनात धरून चालतो. मालकाला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो टीव्ही दिवसभर चालू होता.

गाडी 6 लाख 20 हजारांना ठरली. 25 हजार टोकन जागेवरच मोबाइलवरून दिलं. 3 लाख 75 हजार बँकेतून पाठवले. उरलेले 2 लाख 20 हजार त्याने रोख मागितले, ट्रान्सफरचा खर्च, एजंट, शेवटचं पॉलिश असं सांगून. रोख रकमेची पावती मागितली तर म्हणाला, "गाडीबरोबर सगळं एकत्र देतो, ताई." ती पावती आजतागायत मिळाली नाही. शिवाय त्याने वचन दिलं की सरकारच्या नव्या नियमाप्रमाणे विंटेजची व्हीए मालिकेतली नंबरप्लेट तो स्वतः काढून देईल आणि बाबांना दर रविवारी गाडी फिरवता येईल.

फेब्रुवारीत गाडी टोइंगवर ठाण्याला आली. का, तर "एवढ्या लांब चालवून इंजिन कशाला तापवायचं". सोसायटीची सगळी माणसं खाली जमली होती, बायकांनी ओवाळलं. बाबा काठी टेकत आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग काठी माझ्याकडे दिली आणि डाव्या मागच्या मडगार्डवर पंजा पालथा ठेवून हळूहळू दिकीकडे सरकवला. एका जागी थांबले. बोटाच्या पेराने टकटक केलं, वीतभर अलीकडे पुन्हा टकटक केलं. एकीकडे पत्र्याचा आवाज, दुसरीकडे भिंतीसारखा बद्द. शेजारच्या मुलाला म्हणाले, फ्रिजवरचं लोहचुंबक आण रे. चुंबक दाराला चिकटलं. मडगार्डला लावलं की घरंगळून खाली. दोनदा, तीनदा. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही नुसती लांबी आहे, बाळ. पत्रा कुठंय यात?" लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायला भरतात ती पुटी.

त्यांनी पायाखालचं रबर उचलायला लावलं. ड्रायव्हरच्या टाचेच्या जागी वहीच्या पानाएवढा नवा पत्रा रिपिटा (रिव्हेट) मारून बसवलेला होता आणि त्यावर काळा रंग. एक कोपरा उचकटला तर खालची जमीन दिसली. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती मलाही तेव्हा बाबांनीच सांगितली. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चौकट असते आणि वर बॉडी बसवलेली असते. या फियाटला तशी चौकट नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळ कुजला तर तो डेंटिंगचा किरकोळ प्रश्न राहत नाही, गाडीची हाडंच गेलेली असतात. धक्का बसला तर आतल्या माणसाला आधार नाही. या गाडीत मी ऐंशी वर्षांच्या माणसाला बसवणार होते.

वाढदिवसाचा केक कापला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बोनेट उघडलं. इंजिन नंबरवरची धूळ रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि आरसी बुक मागितलं. बुकात गाडी 1957 ची. इंजिन मात्र पद्मिनीचं. दोन्ही 1089 सीसीची, एकाच घराण्यातली, म्हणून एकाच्या जागी दुसरं बसतं. नंबर अर्थातच जुळत नव्हता. मग त्यांनी चेसिस नंबरवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून घासली, आरटीओत ठसा घेतात तसा. कागदावर आकडे उमटले, ते बुकाप्रमाणे होते. पण आकड्यांभोवती चौकोनी रेघही उमटली. रंगाखाली वेल्डिंगचा कंगोरा होता. कुठल्यातरी भंगारात गेलेल्या फियाटच्या पत्र्याचा नंबर असलेला तुकडा कापून या बॉडीत डकवला होता. शेजारची कंपनीची नंबर असलेली पट्टी जुनी, पण तिच्या चारही रिपिटा कोऱ्या, चकचकीत. बाबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

त्या रात्री मी कार्यक्रम पुन्हा लावला आणि थांबवत थांबवत पाहिला. बोनेट वर होतं त्या क्षणी दोनेक सेकंद ती पट्टी दिसते. शेवटचे दोन आकडे वाचता येतात, आणि ते आमच्या गाडीचे नाहीत. तिथल्या डॅशबोर्डवर घड्याळाशेजारी एक चीर आहे, आमच्या डॅशबोर्डवर नाही. टीव्हीवर दाखवलेली गाडी वेगळीच होती. पुढे कळलं, ती एका गिऱ्हाइकाची होती, दुरुस्तीला आलेली, विकायला कधीच नव्हती. आम्हाला दिलेल्या गाडीला तोच फिका हिरवा रंग मारला होता.

फोनवर मालक आधी म्हणाला, "ताई, ऐंशी वर्षांच्या माणसाचं काय मनावर घेता." नंतर म्हणाला, "जशी आहे तशी घेतलीत." नंतर फोन उचलणं बंद.

आरटीओत गेले तेव्हा उरलीसुरली आशा संपली. जुन्या बुकाची नोंद संगणकात नव्हती, ती मूळ कार्यालयाकडून आधी चढवून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी दाखवायची, आणि गाडी दाखवली की नंबराचा तो डकवलेला तुकडा दिसणार. व्हीए मालिकेचं तर नावच सोडा. जुलै 2021 च्या नियमात विंटेज कोणाला म्हणायचं हे स्पष्ट आहे: पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी. नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालतच नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे दर रविवारी फिरवण्याचं वचन, गाडी अस्सल असती तरी खोटंच होतं. हा नियम मी घरी बसून दहा मिनिटांत वाचू शकले असते.

पोलिस चौकीत पहिल्यांदा सांगितलं, हे दिवाणी स्वरूपाचं आहे, कोर्टात जा. पेन्सिलचा ठसा, पट्टीचे फोटो आणि कार्यक्रमातलं थांबवलेलं चित्र शेजारी शेजारी छापून नेलं तेव्हा लेखी अर्ज घेतला. नुसती गाडी खराब निघाली असं सांगितलं तर कुणी ऐकत नाही. नंबर कापून डकवलाय हे दाखवलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, हा माझा अनुभव. ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि 5 लाखांपर्यंतचा मोबदला दिलेला असेल तर फी नाही. माझे 4 लाख बँकेच्या नोंदीत आहेत म्हणून निदान तेवढं तरी बोलता येतं. रोख दिलेल्या 2 लाख 20 हजारांबद्दल माझ्याकडे फक्त माझा शब्द आहे.

गॅरेजला एकदा भावाबरोबर जाऊन आले. शटर अर्धं उघडं होतं, बाहेर सांगली भागातले एक शेतकरी उभे होते. त्यांनीही "टीव्हीवरची हिरवी फियाट" घेतली होती, ऊसाच्या बिलाच्या पैशातून, मुलाच्या लग्नात वरातीला काढायला. त्यांचीही गाडी हिरवी, त्यांच्याही पट्टीच्या रिपिटा नव्या. एकच कार्यक्रम दाखवून किमान दोन गाड्या विकल्या गेल्या होत्या.

जुनी गाडी घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: पैसे देण्याआधी त्या जातीच्या गाडीवर हात बसलेला एक म्हातारा मिस्त्री शोधा आणि त्याला भाडं देऊन, जेवण देऊन सोबत न्या. मुंबई-पुण्यात असे पुष्कळ जण आहेत, पद्मिनीच्या टॅक्सीवर ज्यांनी आयुष्य काढलं. तो हो म्हणेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. चेसिसचा ठसा तुम्ही स्वतः घ्या, विकणाऱ्याने पाठवलेला फोटो चालवून घेऊ नका. आरसीवर ज्याचं नाव आहे त्या माणसाशी समोरासमोर बोला. आमच्या बुकावरचे मालक केव्हाच वारलेले होते आणि गाडी नावावर करायच्या फॉर्मवर त्यांची सही होती. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते भिंतीवर आहे का ते बघा. त्या भिंतीवर टीव्ही होता, प्रमाणपत्र नव्हतं, आणि हे मला घरी आल्यावर सुचलं.

वाहिनीलाही मी पत्र लिहिलं, ठशाची प्रत जोडली. त्यांचं उत्तर आलेलं नाही. गेल्या दिवाळीत तोच भाग त्यांनी पुन्हा दाखवला.

गाडी आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. पुरावा म्हणून तिला हात लावायचा नाही असं वकिलांनी सांगितलंय. बाबा अधूनमधून खाली जातात, ताडपत्री उचलतात आणि तो उलटा दरवाजा उघडून पुन्हा लावतात. दरवाजा तेवढा अस्सल आहे, ते म्हणाले, कुर्ल्याचाच. पुढच्या तारखेला सांगलीचे ते शेतकरी त्यांच्या गाडीचा ठसा घेऊन येणार आहेत. फिक्या हिरव्या रंगाची, टीव्हीवर दाखवलेली म्हणून सांगितलेली डुक्कर फियाट आणखी कुणी घेतली असेल, तर बोनेट उघडून त्या पट्टीच्या चार रिपिटा आधी बघा, आणि नव्या असतील तर तुमचाही ठसा, आरसीची प्रत आणि बँकेचा उतारा घेऊन आमच्याबरोबर उभे राहा.