ई-कोर्ट्स ॲप अकरा महिने वापरलं: वकिलांनी न सांगितलेलं इथे कळलं

ई-कोर्ट्स म्हणजे आपल्या केसची कोर्टातली माहिती दाखवणारं सरकारी ॲप. ते कसं उघडायचं, केस कशी शोधायची हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ते सांगत बसत नाही. परवा फोन बदलला आणि ‘माय केसेस’ची, म्हणजे मी साठवलेल्या केसची, यादी कोरी झाली. ती यादी फोनमध्येच राहते, आधी एक्सपोर्ट करून ठेवावी लागते. हे एवढं महत्त्वाचं असून ॲपने एकदाही बजावलं नाही. एक स्टार त्यातच गेला. बाकीचे चार का दिले, ते सांगतो.

आमचा दावा बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या जमिनीचा. आईने माहेरच्या वाटणीसाठी मामांवर घातलेला. चार वर्षं एकच वकील. तारखेच्या संध्याकाळी फोन केला की ठरलेलं उत्तर यायचं, "जजसाहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली." एकदा भाच्याने माझ्या फोनवर ॲप घातलं आणि वकीलपत्राच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने लिहिलेला सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर, त्यात टाकला. केस हिस्टरीतल्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते उघडतं. तिथे इंग्रजीत दीड ओळ होती. वादी गैरहजर, वकील गैरहजर, दावा काढून टाकला. त्याला एकोणीस दिवस झाले होते. आणि त्याच आठवड्यात वकील आईला म्हणाले होते, "आक्का, काळजी करू नका, पुरावा चालू आहे."

माझ्या मते अख्ख्या ॲपमध्ये ती दीड ओळच खरी कामाची. पुढची तारीख काय, कारकूनही सांगतो. गेल्या तारखेला काय घडलं, हे विचारायची पक्षकाराला सवयच नसते. मला आता दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी ती ओळ वाचायची सवय लागली आहे.

गैरहजेरीत निघालेला दावा परत बोर्डावर घ्यायचा तर 30 दिवसांत अर्ज करावा लागतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 रूल 9 खाली. मुदत टळली तर उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज, आणि कारण कोर्टाला पटवावं लागतं. आमच्या हातात अकरा दिवस उरले होते. बेळगावात दुसरे वकील गाठले. ते म्हणाले, आधीच्या वकिलांची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणा. आधीचे म्हणाले, राहिलेले आठ हजार भरा, मग एनओसी आणि फाईल दोन्ही न्या. आईने दिलेली निळी रेक्झिनची पिशवी त्यांच्या कपाटात समोर दिसत होती. हात लावू दिला नाही.

तीन दिवस या फेऱ्यांत गेले, आणि ते जायची काही गरज नव्हती. पहिल्या वकिलाने संमती दिली नाही तर नवीन वकिलाने कारण सांगून कोर्टाची परवानगी मागायची, हे वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्याच नियमात आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला कागद अडवून धरता येत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा 2000 सालचा निकाल आहे. बाकी फी हवी तर त्याने वेगळी मागावी. आम्ही कोर्टातूनच नकला काढल्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज आत गेला. दावा परत लागला.

रागाच्या भरात मी ग्राहक कोर्टात जाणार होतो. तो रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 14 मे 2024 ला सांगितलं. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे जाते, ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 35 खाली. तिथे ताकीद मिळू शकते, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काही काळ थांबू शकते किंवा रद्दही होऊ शकते. आमचे गेलेले पैसे तिथून परत मिळतील, ही आशा मात्र मी सोडली.

आधी मला वाटायचं, ॲप म्हणजे वकिलावर ठेवायची नजर. तेही मत बदललं. एका तारखेला संध्याकाळी नोंद दिसली नाही म्हणून मी नवीन वकिलांवर फोनवर चढलो. नोंद दोन दिवसांनी आली, ते हजर होते. मी माफी मागितली. तेव्हा नोंद उशिरा येते, हे धरून चला.

मला सर्वांत जास्त लागलं ते पैशांचं. आईचा दावा. बाईमाणसाला कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याला समिती असते, 15100 वर फोन करता येतो. हे चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर चाळीस हजार वाचले असते. त्यातल्या एकाही रुपयाची पावती आमच्याकडे नाही, म्हणून तो आठ हजारांचा आकडा खरा की खोटा, तेही ठरवता येत नाही. आता पैसे देतो ते फक्त खात्यावरून.

आणि वकीलपत्र. ते कन्नडमध्ये छापलेलं होतं, आईला कन्नड वाचता येत नाही. मागाहून शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, तर तडजोड करायचाही अधिकार त्यात दिलेला. मराठी माणसाने आपल्या भागात सही करण्याआधी हे कुणाकडून तरी वाचून घ्यायलाच पाहिजे.

निळी पिशवी अजून तिकडेच आहे. आजोबांचं मूळ खरेदीपत्र त्यात आहे. सोमवारी 2000 च्या निकालाचा उल्लेख करून स्पीड पोस्टाने पत्र पाठवतोय. पंधरा दिवसांत ती परत आली नाही, तर कलम 35 ची तक्रार टाइप करून तयार आहे.